तपासणी आधी कोणाच्या दारी?



सणासुदीचे दिवस जवळ आले, जत्रा भरू लागल्या, म्हणजे खेड्यापाड्यांतून एक तक्रार हमखास कानी येते. "फूड इन्स्पेक्टर येतो, रस्त्याच्या कडेच्या गरिबाची हातगाडी बंद करतो, आणि मोठमोठ्या कारखान्यांकडे मात्र कानाडोळा करतो." दुसरी तक्रार नेमकी याच्या उलट असते. "आमच्या गावी वर्षानुवर्षे कोणी तपासनीस फिरकतच नाही, आमच्या जिवाला काही मोल नाही काय?" दोन्ही तक्रारींत सत्याचा अंश आहे आणि दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. तपासणारे हात थोडे आणि अन्न शिजविणारी व विकणारी दारे असंख्य. अशा वेळी तपासनीसाने आधी कोणाच्या दारी जावे?

या प्रश्नाला आपल्या व इतर देशांच्या सरकारांनी अलीकडे जे उत्तर दिले आहे, त्यास जोखमीनुसार तपासणी असे म्हणतात. जेथे धोका मोठा तेथे वारंवार जावे, जेथे धोका थोडा तेथे क्वचित जावे, असा त्याचा सरळ अर्थ. हे उत्तर कितपत योग्य आहे, ते कोठे अपुरे पडते आणि त्यात आपल्या घराचा वाटा कोणता, याचा विचार या आठवड्यात करू.

जुना कायदा आणि नवा

आपल्या देशात अन्नातील भेसळीस आळा घालण्यासाठी १९५४ साली कायदा झाला आणि १ जून १९५५ पासून तो अमलात आला. त्या कायद्याची दृष्टी मुख्यतः फसवणुकीवर होती. दुधात पाणी, मिरचीपुडीत विटेची भुकटी, तुपात वनस्पती तूप. असा अपराध शोधावा, नमुना घ्यावा, प्रयोगशाळेत पाठवावा आणि अपराध्याला न्यायालयापुढे उभे करावे, ही त्याची रीत. ती रीत चुकीची होती असे नव्हे. परंतु नमुना हाती येईतो अन्न तयार झालेले असते, पुष्कळदा ते लोकांच्या पोटातही गेलेले असते. शिवाय अन्नापासून होणारा अपाय नेहमीच लबाडीतून होतो असे नाही.

याचे अत्यंत दुःखद उदाहरण १६ जुलै १९१३ या दिवसाचे नव्हे, तर अगदी आपल्या काळातील, १६ जुलै २०१३ या दिवसाचे आहे. बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन नावाच्या लहानशा गावी शाळेतील दुपारचे जेवण जेवून २३ बालके मृत्युमुखी पडली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक उतरले होते. ज्या डब्यात कीटकनाशक होते त्याच डब्यात पुढे स्वयंपाकाचे तेल ठेवले गेले असावे, असे तपासात दिसून आले. तेथे नफ्यासाठी केलेली भेसळ नव्हती; होता तो केवळ एक डबा आणि त्याविषयीची अक्षम्य बेपर्वाई. नमुना घेऊन खटला भरण्याने अशी बालके वाचत नाहीत. तेल कोठे ठेवले आहे, भांडी कशी धुतली जातात, पाणी कोठून येते, हे अन्न शिजण्यापूर्वीच कोणीतरी पाहावे लागते.

या जाणिवेतून २००६ साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा संमत झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो देशभर अमलात येऊन जुना कायदा संपुष्टात आला. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ही संस्था या कायद्यान्वये काम करते आणि प्रत्येक राज्यात अन्नसुरक्षा अधिकारी नेमलेले असतात. लोक त्यांना अद्यापि जुन्याच नावाने फूड इन्स्पेक्टर म्हणतात. नव्या कायद्याने पदार्थाबरोबर पदार्थ तयार होण्याची रीतही तपासणीखाली आणली.

धोका मोजावा कसा?

धोका मोजणे म्हणजे भविष्य सांगणे नव्हे. त्यासाठी तीन साधे प्रश्न विचारावे लागतात. हा पदार्थ बिघडण्याचा संभव किती? बिघडला तर अपाय किती मोठा? आणि तो अपाय किती जणांना होईल?

पहिल्या प्रश्नासाठी आपल्या धारवाडच्या पेढ्याचेच उदाहरण घ्या. ज्या पेढ्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि ज्याची कीर्ती उत्तर प्रदेशातील उन्नावहून धारवाडास येऊन स्थायिक झालेल्या ठाकूर कुटुंबाने प्रथम पसरविली, तो पेढा करताना खवा साखरेबरोबर तांबूस होईपर्यंत परतला जातो. त्यातील पाणी बहुतेक आटते आणि साखर पुष्कळ असते. रोगजंतूंना वाढण्यास पाणी लागते. ते न मिळाल्यामुळे असा पेढा बरेच दिवस टिकतो. त्याच दुधाचे पनीर करा, किंवा कच्चा खवा पोत्यात बांधून उन्हातून मोटारीच्या टपावर पाठवा. मग गोष्ट अगदी निराळी होते. ओलावा, ऊब आणि पोषण ही तिन्ही एकत्र आली की काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. दुपारी बारा वाजता एक असला तर चार वाजता त्याचे चार हजारांहून अधिक होतात. दूध एकच, हलवाईही कदाचित एकच. परंतु पेढ्याची परात आणि पनीरचे भांडे यांचा धोका एक नव्हे. म्हणून दूध व दुधाचे पदार्थ, मांस, मासळी, अंडी, तयार जेवण यांना मोठ्या जोखमीच्या वर्गात घालतात. कोरडे धान्य वा साखर यांना त्या मानाने सौम्य वर्गात ठेवतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हुबळी आणि धारवाड या दोन शहरांच्या मधोमध, रायापूर येथे मिळते. तेथे अक्षयपात्र संस्थेचे प्रचंड स्वयंपाकघर आहे. शाळांतील दुपारच्या भोजनासाठी तेथे एक लाखाहून अधिक मुलांचे अन्न शिजते. आता विचार करा. एखाद्या गावच्या चहाच्या टपरीवर दूध नासले तर दहावीस जणांची पोटे बिघडतील. लाखभर मुलांच्या स्वयंपाकघरात एका कढईत चूक झाली तर ती दुपारच्या आत शेकडो शाळांत पोहोचेल. टपरीवाला कमी प्रामाणिक आणि मोठे स्वयंपाकघर अधिक प्रामाणिक, किंवा याच्या उलट, असा हा प्रश्नच नाही. मोठे स्वयंपाकघर उत्तम रीतीने चालत असले, तरीही तेथे तपासणी अधिक कडक हवी, कारण तेथे चुकीची किंमत फार मोठी आहे.

अशा मोजणीतून काही अनपेक्षित निष्कर्षही निघतात. बाटलीतील पाणी हे आपण सर्वांत निर्धोक समजतो. आजाऱ्याच्या उशाशी आणि लग्नाच्या पंगतीत मोठ्या विश्वासाने ठेवतो. परंतु ते सर्व थरांतील माणसे पितात, उकळल्याशिवाय पितात, आणि डोळ्यांना त्यातील दोष दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने बाटलीबंद पाणी व खनिजजल यांना मोठ्या जोखमीच्या पदार्थांत घातले आणि ते तयार करणाऱ्यांची दरवर्षी तपासणी आवश्यक ठरविली. तांबड्या भज्यांकडे बोट दाखविणाऱ्या आपल्या मनास हे ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल: धोका नेहमीच डोळ्यांत भरणाऱ्या जागी असतो असे नाही.

हातगाडीवरचा रंग

तरीही हातगाडीविषयीची तक्रार सोडून देता येत नाही. २०२४ च्या मार्च महिन्यात कर्नाटक सरकारने गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालण्यास आणि मुलांच्या आवडत्या "म्हातारीच्या केसां"त रोडामीन-बी हा रंग घालण्यास बंदी केली. त्यापूर्वी राज्यभरातून नमुने घेण्यात आले होते. गोबी मंचुरीच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत आणि म्हातारीच्या केसांच्या २५ नमुन्यांपैकी १५ नमुन्यांत अपायकारक रंग आढळले. रोडामीन-बी हा कापड रंगविण्याचा रंग आहे. कोणत्याही खाद्यपदार्थात त्यास जागा नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने इडलीच्या उकडपात्रात कापडाऐवजी प्लॅस्टिकचा कागद घालण्याची चाल तपासली, तेव्हा २५१ ठिकाणांपैकी ५२ ठिकाणी ती आढळली. तापलेल्या प्लॅस्टिकमधील द्रव्ये अन्नात उतरण्याचा धोका असल्यामुळे त्यासही मनाई करण्यात आली.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १७१ पैकी १०७ याचा अर्थ राज्यातील शंभरांतील बासष्ट गाड्या विष विकतात असा नव्हे. अधिकारी जेथे संशय असतो तेथे नमुना घेण्यास जातो. तोच त्याचा हेतू असतो. आंबलेल्या टोपलीतून उचललेल्या आंब्यांवरून साऱ्या बागेचा हिशेब करू नये. ज्याने कधी रंग घातलाच नाही, अशा गाडीवाल्याला या आकड्यांच्या जोरावर वाळीत टाकणे हा अन्याय होय.

आणखी एक प्रश्न आहे व तोच मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गाडीवाल्याने तो रंग घरी तयार केला नाही. त्याने तो बाजारात, पुडीत बांधलेला, चार रुपये स्वस्त म्हणून विकत घेतला. पुडीवर काय लिहिले आहे ते त्याला वाचता आले असेल, नसेलही. ज्या दुकानातून एक पुडी निघाली तेथून अशा शेकडो पुड्या निघाल्या असणार. तेव्हा जोखमीनुसार तपासणी खरोखर करावयाची असेल तर ती गाडीपाशी थांबता कामा नये. पुडीचा माग काढीत दुकानापर्यंत, दुकानातून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत गेली पाहिजे. शंभर गाड्या बंद केल्याने जे साधत नाही, ते रंगाचा एक झरा बंद केल्याने साधते. गरिबावर कारवाई करणे सोपे असते, कारण तो रस्त्यावर उभा असतो. सोपे तेच आधी करणे ही जोखमीची मोजणी नव्हे. ती केवळ सोय होय.

कायद्याने या बाबतीत विवेक ठेवलेला आहे, हेही सांगितले पाहिजे. लहान विक्रेत्याला मोठ्या कारखान्यासारखा परवाना लागत नाही. साधी नोंदणी पुरते. दोष आढळल्यास सुधारणेची नोटीस देऊन मुदत देण्याची तरतूद आहे. दंड ठरविताना अपराध्याने किती लाभ मिळविला, लोकांची किती हानी झाली, अपराध पुनःपुन्हा घडला काय, आणि तो अजाणता घडला काय, याचा विचार व्हावा असे कायदाच सांगतो. दुसऱ्या बाजूने, असुरक्षित अन्नामुळे मृत्यू ओढवला तर सात वर्षांपेक्षा कमी नाही आणि जन्मठेपेपर्यंत वाढू शकेल अशी कैद, व दहा लाख रुपयांपेक्षा कमी नाही असा दंड त्याच कायद्यात आहे.

समुद्रापलीकडचे अन्न

"परदेशी अन्नाशी आमचा काय संबंध?" असे खेड्यातील वाचक म्हणतील. आपले स्वयंपाकघर जरा नीट पाहा. आपला देश आपल्या गरजेच्या अर्ध्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून येते, सोयाबीनचे तेल अर्जेंटिना व ब्राझीलहून, सूर्यफुलाचे रशिया व युक्रेनकडून. तुरीच्या डाळीसाठी आपण म्यानमार आणि आफ्रिकेतील मोझांबिककडे पाहतो. तेव्हा धारवाड तालुक्यातील ज्या घराने कधी समुद्र पाहिला नाही, त्याच्याही आमटीत आणि फोडणीत समुद्रापलीकडचे अन्न असते.

तपासणीवाचून परदेशी धान्य आले तर काय होते, याची आठवण प्रत्येक शेताच्या बांधावर उभी आहे. ज्याला आपण गाजरगवत अथवा काँग्रेस गवत म्हणतो, ते मूळचे अमेरिका खंडातील. १९५० नंतरच्या दशकात परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी या देशात शिरले असे मानले जाते, आणि १९५६ साली पुण्यात त्याची नोंद झाली. काही मूठ बी कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याची खुरपणी आज तिसरी पिढी करीत आहे.

आता बंदरात काय होते ते पाहा. उतरलेले प्रत्येक पोते फोडून पाहणे अशक्य असते. तसे केले तर माल धक्क्यावरच सडेल. म्हणून पदार्थ कोणता, कोणत्या देशातून आला, आयात करणाऱ्याचा पूर्वीचा हिशेब कसा आहे, हे पाहून कोणत्या मालाची किती तपासणी करावयाची हे ठरते. अधिकारी कागदपत्रे पाहतो, माल डोळ्यांनी पाहतो, नमुना प्रयोगशाळेत धाडतो. फार जुना माल आपल्या गळ्यात बांधला जाऊ नये म्हणून, पदार्थाच्या टिकण्याच्या मुदतीपैकी साठ टक्के अथवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असल्याखेरीज माल सोडू नये, असा २०१७ च्या आयात नियमांचा दंडक आहे. आणि धोका अगदी उघड असेल तेव्हा दारच लावले जाते. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन नावाचे रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. पाणी घातलेले दूध प्रयोगशाळेच्या परीक्षेत कसदार दिसावे म्हणून ते मिसळले होते. सहा तान्ह्या बालकांचा मृत्यू झाला आणि सुमारे तीन लाख बालके आजारी पडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भारताने चीनमधून दूध व दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी केली व तिची मुदत पुढे अनेकदा वाढविली.

परंतु आपणही कोणासाठी तरी परदेशीच आहोत. आपल्या शेजारच्या हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीची मिरची तिखटापेक्षा रंगासाठी नावाजलेली आहे. तिचा बाजार देशातील मोठ्या मिरचीबाजारांपैकी एक. मिरचीला रंगावरून भाव येतो, आणि जेथे रंगाला भाव तेथे खोट्या रंगाचा मोह. २००३ साली भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीच्या पदार्थांत सुदान नावाचा रंग सापडला. मेणे, तेले आणि बुटांची पॉलिशे रंगविण्याचा हा रंग. युरोपीय संघाने त्या वर्षीच्या जूनपासून मिरचीच्या मालाबरोबर प्रयोगशाळेचा दाखला मागण्यास आरंभ केला. फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये याच रंगाचा माग एका सॉसमध्ये लागला. त्यातील मिरचीपूड २००२ साली भारतातून गेलेली होती. तो सॉस इतर पदार्थांत मिसळला गेला होता, म्हणून चारशेहून अधिक प्रकारचे खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले.

ब्याडगीच्या शेतकऱ्याने हा अपराध केला असे कोणी म्हणू नये. परंतु अशा प्रसंगानंतर परक्या बंदरात भारतीय मिरचीचे प्रत्येक पोते संशयाने पाहिले जाते, आणि त्या विलंबाची व त्या खर्चाची झळ प्रामाणिक शेतकऱ्यालाही पोहोचते. एकाच्या लबाडीने साऱ्या गावाची पत जाते, हे आपण व्यवहारात नेहमी पाहतो. जोखमीनुसार तपासणीत ही गोष्ट नियमातच लिहिलेली असते: ज्याचा मागील हिशेब स्वच्छ त्याला मोकळीक, ज्याचा डागळलेला त्याला वारंवार थांबविणे. पत मिळविण्यास वर्षे लागतात आणि ती एका पोत्यात जाते.

मौनाचा दोष

येथवर मी या रीतीची योग्यता सांगितली. आता तिची उणीव सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण ती उणीव विशेषतः खेड्यांना बाधते.

धोक्याचा हिशेब नोंदींवरून होतो. कोठे किती जण आजारी पडले, कोणाविरुद्ध किती तक्रारी आल्या, किती नमुने सदोष निघाले, यांवरून अधिकारी ठरवितो की पुढील खेप कोठे टाकावी. नोंदीच नसल्या तर हिशेब आंधळा होतो. २०१७ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी अन्नसुरक्षेच्या कारभाराची तपासणी केली, तेव्हा राज्यांच्या ७२ अन्नप्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांजवळ आवश्यक ती राष्ट्रीय मान्यता नव्हती असे आढळले. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली आहे. परंतु तराजूच खरा नसेल तर वजन खरे कसे निघावे, हा धडा विसरता येत नाही.

सरकारच्या उणिवेबरोबर आपली उणीवही आहे. गावातील एखाद्या लग्नाच्या वा सणाच्या जेवणानंतर वीसपंचवीस जणांना उलट्या-जुलाब होतात. आपण काय म्हणतो? "ऊन फार होते", "नजर लागली", "पंगत उशिरा बसली". यजमानाची लाज राखावी म्हणून कोणी बोलत नाही. आचारी नात्यातला म्हणून कोणी विचारत नाही. दोघांतिघांना सलाईन लावावे लागते, डॉक्टरांची फी देऊन घरी येतात आणि प्रकरण तेथेच मिटते. तालुक्याच्या कचेरीतील कागदावर त्या गावापुढे शून्य राहते. शहरात एक तक्रार झाली की दहा अधिकारी धावतात, आणि खेड्यात पंचवीस जण आजारी पडूनही कोणी येत नाही, याचे एक कारण हे आहे. जेथून तक्रार येत नाही तेथे धोका नाही, असे कागद समजतो. कागदाला डोळे नसतात; आपण दाखवू तेवढेच त्याला दिसते.

म्हणून "आमच्या गावी कोणी फिरकत नाही" या तक्रारीचे अर्धे उत्तर सरकारने द्यावयाचे आहे आणि अर्धे आपण. यजमानाची लाज राखणे हा सद्गुण खरा; परंतु पुढच्या पंगतीतील बालकाच्या जिवापेक्षा ती लाज मोठी नाही. खरे सांगणे म्हणजे चहाडी नव्हे. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, तर पाणी बिघडले होते की भात, खवा की तेल, हे कळावे आणि पुढचा अनर्थ टळावा म्हणून सांगावयाचे आहे. मत्सरापोटी शेजाऱ्याच्या धंद्यावर खोटी तक्रार करणारा मात्र या सर्व व्यवस्थेचा शत्रू होय. तो तपासनीसाला खऱ्या धोक्यापासून दूर खेचून नेतो.

घरोघरी काय करता येईल?

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

एक. जेवणानंतर एकाहून अधिक जण सारख्याच लक्षणांनी आजारी पडले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला अथवा तालुक्याच्या आरोग्याधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवा. उरलेले अन्न फेकून भांडी घासण्याची घाई करू नका; थोडे अन्न स्वच्छ झाकणबंद भांड्यात थंड जागी राखून ठेवा व कोणी खाणार नाही याची दक्षता घ्या. कोण काय जेवले आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे लिहून ठेवा. वहीच्या त्या एका पानाचा अधिकाऱ्याला फार उपयोग होतो.

दोन. दुकानात वा हॉटेलात नोंदणीचा किंवा परवान्याचा क्रमांक लावलेला असतो. तो चौदा आकडी असतो आणि बांधीव पदार्थाच्या वेष्टनावरही छापलेला असतो. तो पाहण्याची सवय मुलांना लावा. विकत घेतलेल्या पदार्थाविषयी संशय असेल तर ठरलेली फी भरून सरकारी अन्नविश्लेषकाकडून तो तपासून घेण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक ग्राहकाला दिला आहे, आणि पदार्थ असुरक्षित ठरल्यास ती फी परत मिळते.

तीन. ज्या भगिनी बचतगटातून पापड, लोणची, चटण्या करून विकतात, त्यांनी नोंदणीला भिऊ नये. नोंदणी हा आपल्या स्वच्छतेचा दाखला आहे. कायद्यातील लहान उत्पादकाच्या व्याख्येत धार्मिक व सामाजिक समारंभात अन्न वाटणारेही येतात, हे आपल्या सणाच्या समित्यांनी ध्यानात घ्यावे. चर्चच्या सणाला पाचशे माणसांची पंगत बसते, तेव्हा त्या दिवसापुरते आपणही मोठ्या जोखमीचे स्वयंपाकघर चालवीत असतो. पाणी कोठून आले, भात केव्हा शिजला आणि केव्हा वाढला, हे पाहणारा एक जबाबदार माणूस नेमा. शिजलेले अन्न वाफाळते ठेवा, अथवा लवकर थंड करा. कोमट अन्न तासन्‌तास झाकून ठेवणे हेच बहुतेक अनर्थांचे मूळ असते.

चार. कापूस व मिरचीवर फवारणी करून रिकामा झालेला डबा घरात आणू नका, कितीही धुतला तरी आणू नका. त्याला भोके पाडून तो निकामी करा. गंडामनची २३ बालके आपल्या स्मरणात असू द्या.

तपासनीस वर्षातून एकदा येईल, न येईल. आपल्या चुलीपाशी, आपल्या दुकानात, आपल्या पंगतीत मात्र आपण रोज असतो. आपल्या घरचा आचारी, आपल्या गावचा दूधवाला, आपल्या सणाची समिती यांना "हे पाणी कोठले?" असा प्रश्न प्रेमाने विचारण्यास कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही. ज्या गावात हा प्रश्न विचारण्याची लाज वाटत नाही आणि खरे उत्तर देण्याची भीती वाटत नाही, त्या गावात अधिकाऱ्याचे काम निम्मे झालेले असते. येत्या सणाच्या आधी आपल्या समितीच्या बैठकीत एवढा एक विषय अवश्य घ्या.